फळ्यावरची दुसरी ओळ

"सगळं खरं लिहिलं, बाबा. मग माझ्यावर खटला कसा?"

दिगंबर तावातावानं आला होता. हातात कोर्टाचं समन्स.

लतीफबाबा आपल्या तकियाच्या, फकिराच्या मठीच्या, ओट्यावर बसून माठात पाणी गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तकियाजवळ ओढ्याचा पाणवठा आहे, आणि तिथंच गावाचा फळा. त्यावर लिहायचं काम दिगंबरचं. पोरगा बाबांच्या पायाशी बसून चार शहाणपणाच्या गोष्टी शिकला, पण एकदा हातात खडू आला की कुणाचं ऐकायचा नाही. रंगाच्या कारखान्याच्या माणिकशेठवर त्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या. कुणी पुसू नये म्हणून रोज सकाळी त्याच ओळी गिरवायचा. शेठनं अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली.

"वकील काय म्हणतो?"

"म्हणतो, नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकांच्या भल्याचंही पाहिजे. हा काय कायदा झाला, बाबा? खरं ते खरं! तुरुंगात जाईन, पण एक अक्षर पुसणार नाही."

"बरं…"

बाबांनी माठावरचं ओलं फडकं पिळलं. तेवढ्यात वरच्या वस्तीवरची ठकूबाई म्हशी घेऊन पाण्याकडं उतरताना दिसली.

"मला वाचता येत नाही," बाबा म्हणाले. "फळ्यावर काय आहे ते वाचून दाखव. मोठ्यानं."

दिगंबर फळ्याजवळ गेला. छाती काढून वाचू लागला. "कारखान्याचं रंगाचं पाणी ओढ्यात सोडतात. जनावरांना पाजू नका!"

ठकूबाई जागच्या जागी थांबली.

"हे कधी लिहिलंस रं?"

"महिना झाला, मावशे. रोज गिरवतोय."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई!" तिनं काठी आडवी घातली, म्हशी चढावर वळवल्या. "म्हंजे माझं रेडकू याच पाण्यानं गेलं की रं. फळ्यावर शेठच्या भनीचं कायतरी हाय, एवढंच गाव बोलतंय. पाण्याचं तर कुणी नावबी काढलं न्हाई."

दिगंबर फळ्यापासून मागं सरला.

"दुसरी ओळ राहिली," बाबा म्हणाले.

"…राहू द्या, बाबा."

"वाच."

दिगंबरनं वाचलं. आवाज खाली आला होता. "माणिकशेठची बहीण नवऱ्याला सोडून माहेरी येऊन बसली आहे."

ठकूबाई वाट बघत उभी. म्हशीही उभ्या.

"मग?" ती म्हणाली. "त्याचं मी काय करू? म्हशी कुठं नेऊ?"

"ते खरं आहे, मावशे," दिगंबर पुटपुटला.

"असंल की. मी कुठं खोटं म्हणते?"

ओढ्याचं पाणी लालसर वाहत होतं. दिगंबरनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा दुसऱ्या ओळीकडं.

बाबांनी ओलं फडकं त्याच्यापुढं धरलं.

"पुसलं तर मी हरलो असं शेठ म्हणेल, बाबा."

बाबा फडकं तसंच धरून राहिले. त्यातून थेंब गळत होते.

अखेर दिगंबरनं ते घेतलं. दुसरी ओळ पुसली. महिनाभर गिरवलेली, लवकर जाईना. दोनदा फडकं फिरवावं लागलं.

"लिहिली होती, हे कोर्टात लपवायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही लपवणार. पण त्या बाईला काय सांगू?"

"तिच्याकडं आधी जा. कोर्टात नंतर."

ठकूबाई चढावरून मागं वळली. "पाण्याचं सांगायला मीबी येते कोर्टात. रेडकू माझं गेलंय. त्या पोरीच्या संसाराचं सांगायचं असतं तर पाऊल टाकलं नसतं."

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. फडकं हातात घेऊन तो अर्ध्या रिकाम्या फळ्यापुढं उभा राहिला. "आता इथं काय लिहू, बाबा?"

बाबांनी खाली पडलेला खडू उचलून त्याच्या हातात दिला.

"जागा झालीय. पहिली ओळ मोठी लिही."