मिठाची गुहा

आफ्रिकेत एका डोंगराखाली एक हत्तीण होती, तिचं पिल्लू होतं आणि आंधळी सासू होती. मिठावाचून हत्तिणीचं दूध आटलं, पिल्लू खंगलं. मीठ होतं डोंगरावरच्या गुहेत.

"आत्याबाई, तुम्ही खालीच थांबा. वाटेत सिंह आहेत, तुम्हाला दिसायचे नाहीत."

"दिसत नाहीत, म्हणून तर मला भीती नाही," म्हातारी म्हणाली आणि सुनेची शेपटी धरून निघाली. पिल्लू दोघींच्या मध्ये.

चढण संपली, पण गुहेत मिट्ट काळोख. सून तोंडाशीच अडली. "मला काही दिसेना हो."

"मला कुठे रोज दिसतं? धर आता माझी शेपटी."

सोंडेनं चाचपत म्हातारी थेट मिठाच्या भिंतीशी पोचली. सुळ्यांनी खणून दोघींनी पोटभर मीठ खाल्लं. आठ दिवसांत दूध उतरलं, आणि पिल्लू आईच्या छातीला ढुशा द्यायला लागलं.