भैरूनं राखलेली अंजिराची बाग

बोरखडी नावाच्या गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? शेजारीण म्हणाली, "भैरू, मी येईपर्यंत म्हशीवर डोळा ठेव रे," तर हा म्हशीच्या पाठीला डोळा लावून उभा राहिला. ती बाजारातून परत आली तरी तसाच. म्हशीला गुदगुल्या झाल्या, पण हा हलला नाही.

या भैरूनं एकदा मोबाईलवर वाचलं, की परदेशात शेतावर पाच तास काम केलं की राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळतं. भैरूला जग बघायचं होतं. निघताना वडिलांनी सांगितलं, "परका मुलूख आहे. मनाचं काही करू नको. सांगतील तेवढंच कर."

भैरू पोचला पोर्तुगालात, एका डोंगरातल्या शेतावर. तिथं शैलामावशी होती. माहेर वाईचं. सव्वीस वर्षांपूर्वी दुआर्ते नावाच्या शेळीवाल्याशी लग्न करून इकडे आलेली. मराठी बोलणारं माणूस बघून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढंही बरेचदा आलं, पण कारणं वेगळी होती.

शेतावर शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या, अंजिराची बाग होती. नव्हतं ते पाणी. झरा होता वरच्या अंगाला, आर्मिंदो नावाच्या म्हाताऱ्याच्या रानात. त्याच्या लेकीच्या लग्नात दुआर्तेच्या शेळीनं नवरीच्या डोक्यावरची जाळीची ओढणी खाल्ली होती. तेव्हापासून अकरा वर्षं आर्मिंदोनं पाट बंद ठेवला होता. दोन वर्षं पाऊसही धड नव्हता. अंजिराची झाडं सुकत चालली होती. मावशीनं मोठ्या मुश्किलीनं म्हाताऱ्याला बोलतं केलं होतं.

पहिल्या सकाळी मावशी म्हणाली, "भैरू, खुराड्यातली अंडी घेऊन ये. आणि बाबा, घरात येताना बूट बाहेर काढ."

भैरूनं बावीस अंडी गोळा केली. सगळी पँटच्या खिशांत भरली. दाराशी आला. बूट काढायला पायरीवर बसला.

मावशीनं पँटकडे बघितलं. "अरे, अंडी अशी आणतात का? नाजूक वस्तू गवतात गुंडाळायची. पोटाशी घट्ट धरायची. आणि सावकाश चालायचं."

"बरं मावशी. आता नाही चुकायचो," भैरू म्हणाला. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "ओकच्या झाडाखाली मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यातली रिकामी घेऊन ये."

भैरूनं पहिल्या पेटीवर टकटक केलं. आतून कुणी ओ दिली नाही. नुसती गुणगुण ऐकू आली. माणूस काही आत नव्हता. म्हणजे रिकामीच. त्यानं पेटी गवतात गुंडाळली. पोटाशी घट्ट धरली. आणि सावकाश चालत आला. फार सावकाश. माश्यांना अजिबात घाई करावी लागली नाही.

दुआर्तेनं शेळ्यांच्या पाण्याच्या हौदात उडी मारली. हौदात वीतभर पाणी होतं. भैरूचं तोंड भोपळ्याएवढं झालं, पण पेटी त्यानं सोडली नाही.

मावशी त्याच्या गालांना कांदा चोळत म्हणाली, "अरे, गुणगुण ऐकू आली की आधी धूर द्यायचा! भरपूर धूर. मग सगळं शांत होतं."

"बरं मावशी. आता नाही चुकायचो." वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आर्मिंदो आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मावशी धार काढत होती, म्हणून म्हातारा अंगणातल्या कट्ट्यावर बसला. मन प्रसन्न होतं. डोळे मिटून तो एक जुनं गाणं गुणगुणायला लागला.

भैरूच्या कानावर गुणगुण पडली. तो धावत गेला आणि माश्यांना धूर द्यायचा भाता घेऊन आला. एक झोत दिला. म्हातारा खोकला. म्हणजे शांत झाला नव्हता. भैरूनं आणखी दिला. म्हातारा ओरडला. भैरूनं नाकाशी धरून दिला.

मावशी बादली टाकून धावली, तेव्हा धुरातून फक्त टोपी दिसत होती आणि ती रस्त्याच्या दिशेनं चालली होती.

"अरे माझ्या कर्मा!" मावशीला रडू फुटलं. "दारात कुणी आलं की असं करतात? सावलीत बसवायचं. पाणी द्यायचं. काय हवं, काय नको विचारायचं. पोटभर खाऊ घातल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही."

भैरूला फार वाईट वाटलं. मावशी रडलेली त्याला बघवेना. त्यानं हे दोनदा लिहिलं. खाली रेघ ओढली.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मावशी आणि दुआर्ते चीजची मोठी चकती घेऊन आर्मिंदोची माफी मागायला गेले. भैरू एकटाच घरी. तेवढ्यात बागेच्या फाटकाशी कुणीतरी आलं. रानडुकरं. दोन मोठी, पाच पिल्लं.

"या, या," भैरू म्हणाला. त्यानं फाटक उघडलं. सगळ्यांना झाडांच्या सावलीत घेतलं. घमेल्यात पाणी ठेवलं. "अंजीर चालतील?" डुकरं नाही म्हणाली नाहीत. भैरूनं एकेक झाड गदागदा हलवलं. एक पिल्लू मागं मागं राहत होतं, त्याला हातानं भरवलं. जायला निघाली तेव्हा त्यानं आग्रह केला. ती पुन्हा बसली.

मावशी परत आली तेव्हा बागेत एकच अंजीर उरलं होतं. शेंड्याला होतं, म्हणून.

मावशीनं भैरूला समोर बसवलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "भैरू. नीट ऐक. आपल्या अंजिराला जो कुणी तोंड लावेल, त्याला हाकलायचं. थाळी बडवायची, बोंब मारायची, थेट डोंगरापलीकडे पिटाळायचं. आणि मागं त्याचं जे काही पडलं असेल ते जाळून टाकायचं. नाहीतर वासावर परत येतात."

"बरं मावशी. आता मात्र नाही चुकायचो."

चीजचा उपयोग झाला. मावशीच्या रडण्याचाही झाला असेल. आर्मिंदोनं निरोप धाडला: रविवारी जेवायला येतो. पाटाचं पाणी कायमचं सोडल्याचा कागद सही करूनच आणतो. दुआर्तेनं दाढी केली. मावशीनं भट्टीत बोकडाचं मटण लावलं आणि भैरूला बाजूला घेतलं.

"आज तू कशालाही हात लावू नकोस. बागेत जाऊन बस. राखण कर. बस्स."

भैरू थाळी आणि दांडकं घेऊन बागेत बसला.

आर्मिंदो बागेतल्या पायवाटेनं आला. काळा कोट, नवी टोपी, काखेत दारूची बाटली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागद. भैरूला बघून त्यानं लांबूनच जपून हात हलवला. भैरूनंही हलवला. तेवढ्यात म्हाताऱ्याला शेंड्यावरचं ते एकुलतं एक अंजीर दिसलं. त्यानं काठीनं फांदी वाकवली. अंजीर तोडलं. तोंडाला लावलं.

भैरू उठला. त्याला मनापासून वाईट वाटलं, कारण माणूस ओळखीचा होता. त्यानं वही काढून पुन्हा एकदा वाचलं. जो कुणी, असंच लिहिलं होतं.

घरात मावशीला थाळीचा आवाज ऐकू आला. मग बोंब. मग दोन्ही आवाज चढावर लांब लांब जात राहिले. दुआर्ते खिडकीशी गेला आणि तिथंच उभा राहिला. डोंगरावरून एक काळा कोट पळत होता. बहात्तर वर्षांच्या मानानं फार चांगला पळत होता.

तासाभरानं भैरू परत आला. आधी मागच्या दारी भट्टीकडे गेला, मग पायरीशी येऊन बूट काढले. अंगावर घाम, चेहऱ्यावर समाधान.

"भैरू," मावशी कशीबशी म्हणाली, "काय केलंस तू?"

"डोंगरापलीकडे पोचवून आलो, मावशी. आता काळजी नको. त्याची टोपी पडली होती आणि एक कागद पडला होता. खाली सही होती, म्हणजे त्याचाच. दोन्ही भट्टीत घातले. राख होईपर्यंत थांबलो. आता तो या घराकडे कधीच येत नाही बघा."