वेत्रेचा गाळ

पूर्वी अंबावती नगरीत रणंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. नाव होते विमलदत्त. नगरीच्या वरच्या अंगाला वेत्रा नदीवर मोठा बांध होता आणि खालच्या अंगाला पद्मपूरचे राज्य. रीत अशी, की उन्हाळ्यात पद्मपूरकरांनी येऊन बांधातला गाळ काढायचा आणि अंबावतीने मोरीचे दार उघडून त्यांना पाणी सोडायचे. चिखलात हात घालणे अंबावतीकरांना कमीपणाचे वाटे.

एका वर्षी पाऊस रुसला. तरी पद्मपूरचा म्हातारा मुखिया सुनंद अमात्यांच्या शब्दावर विसंबून माणसे घेऊन आला आणि गाळ काढून गेला. काम झाले, पण राजाने दार बंदच ठेवले. गरज सरो, वैद्य मरो.

"तहानेने खंगले की त्यांचे राज्य आयतेच आपले," राजा म्हणाला.

"महाराज, त्यांचे श्रम आपण घेतले आहेत. मी शब्द दिला आहे."

"शब्द तुम्ही दिलात. पाणी माझे आहे."

विमलदत्तांनी स्वतः जाऊन दार उघडले. थोडेसे पाणी वाहिले, तोवर राजाने दार पुन्हा लावून घेतले आणि त्यांना हद्दपार केले.

ते पद्मपूरला पोचले तेव्हा सुनंदाची नात पाण्यावाचून गेली होती. तरी त्याने अमात्यांना घरात घेतले.

बंद दारामागे गाळ साचत गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो काढायला पद्मपुरात कुणी उठेना. "फुटू दे त्यांचा बांध," लोक म्हणाले. फुटला तर आधी ते बुडतील आणि पाठोपाठ आपण, असे विमलदत्तांनी परोपरीने सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हद्दपारीची पर्वा न करता त्यांनीच कुदळ खांद्यावर घेतली. सुनंद मागोमाग निघाला.

"बाबा, तुम्ही कशाला येता?"

"माझी नात गेली. दुसऱ्यांच्या नाती आहेत अजून, दोन्हीकडे."

दोघांच्या कुदळींनी किती गाळ निघणार? पाऊस कोसळला आणि बांधाला तडे गेले. विमलदत्तांनी सुनंदाला हाकारा द्यायला पिटाळले आणि स्वतः मोरीचे दार उचलून धरले. पाण्याला वाट मिळाली, बांध थोडा वेळ तगला, तेवढ्यात दोन्ही राज्यांची माणसे माळावर चढली. मग बांध फुटला. घरे, गुरे, शेते गेली. विमलदत्तांचा देहही सापडला नाही.

माळावर दोन्हीकडचे लोक ओलेचिंब उभे होते आणि बांध कुणाच्या पापाने फुटला, यावरून त्यांची जुंपली होती. सुंभ जळला, पण पीळ जळला नव्हता. विमलदत्तांसाठी एकटा सुनंद रडत होता.

एवढे सांगून तथागत समोरच्या दोन्ही सैन्यांकडे वळले. मग म्हणाले, "तेव्हाचा रणंजय तो आजचा देवदत्त. सुनंद म्हणजे हा आनंद. विमलदत्त मीच होतो. आणि माळावर भांडणारे ते लोक म्हणजे आज नदीच्या पाण्यासाठी शस्त्रे घेऊन माझ्यापुढे उभे असलेले तुम्ही. वैर धरणाऱ्याच्याही जिवाची काळजी वाहणे, हीच मैत्री पारमिता."