तळाची घोंगडी

फार मागं, डोंगर बोलायचे तेव्हाची गोष्ट. बर्फाच्या खिंडीपलीकडं चाटायला मीठ होतं. ठिपकी शेळी करडाला घेऊन निघाली. पायथ्याला रणरणतं ऊन, म्हणून तिनं घोंगडी गाठोड्याच्या तळाशी कोंबली, वर पाला रचला.

म्हातारं खेचर म्हणालं, "बये, घोंगडी वर ठेव."

"या उन्हात? मामा, डोकं तापलंय तुमचं!"

खिंडीत धुकं आलं, मग गारा, पुन्हा ऊन, पुन्हा गारा. घोंगडी काढू की राहू देऊ, ठिपकीला काही उमजेना. करडू थरथरत खालीच बसलं, तेव्हा तिनं गाठोडं सोडलं. सगळा पाला वाऱ्यानं नेला.

परतीला पलीकडच्या पायथ्यालाही ऊनच होतं. ठिपकीनं घोंगडी सगळ्यात वर बांधली.

"आई, ऊन आहे की!"

"हे इथलं ऊन, बाळा. वरचं मला कुठं ठाऊक?"