डुकरांचा दाखला

चार डुकरिणी पाळून धंदा सुरू करायचा, तर ग्रामपंचायतीचा दाखला हवा. म्हातारा सटवाजी माने ग्रामसभेत उभा राहिला खरा, पण ‘डुकरं’ म्हणताना शरमेनं त्याची मान खाली गेली.

सरपंच बाजीआबा गरजले, “तुझी डुकरं गावभर घाण खात हिंडणार! दाखला मिळायचा नाही.”

सभा खदखदून हसली. सटवाजीचे कान तापले. तो हळूच म्हणाला, “आबा, शेडात कोंडून मक्यावर पोसणार हाय मी. पर सुटलीच एखादी, तर तिला घाण घावंल कुठं? गाव हागणदारीमुक्त केलं म्हणून परवाच तर तुमी सत्काराचा फेटा बांधून घेतलासा!”

आबांनी कागद पुढं ओढून सही केली. दाखला घेताना सटवाजी मात्र जास्तच ओशाळला. “चारचौघांत बोललो, आबा,” तो पुटपुटला, “पोटात घाला.”