कललेला मनोरा आणि परदेशी क्रौंच

आपल्याच हातांनी रचलेल्या भिंतीची भेग आपल्याला कधी दिसते का हो?

एका राज्यात मौक्तिकसेन नावाचा राजा होता. लहानपणी त्याची आई नदीच्या घाटावर घागर भरताना एक गाणे गुणगुणायची. ती गेली, आणि राजाला ते गाणे काही केल्या आठवेना. तेव्हा एक मांत्रिक म्हणाला, "ढगांना भिडणारा मनोरा बांध. टोकावर आईचा आवाज ऐकू येईल." पण जाता जाता तो पुटपुटला, "जो यात वीट ठेवील, त्याला याची भेग दिसणार नाही."

त्या राज्याची रीत अशी, की राजाच्या बांधकामात प्रत्येकाने एक वीट ठेवायची. तान्ह्या बाळांचेही हात विटेला लावत. वर्षे लोटली. विटांसाठी माती खणून घाट ढासळला, मनोऱ्याला भेग पडून तो बाजारावर कलला, तरी कुणालाच दिसेना. घरांवर विटा कोसळल्या की लोक म्हणत, "आभाळातून पडल्या."

अखेर मांत्रिकाचे ते पुटपुटणे आठवून प्रधान बल्लाळ म्हणाला, "महाराज, ज्याने इथे वीट ठेवलेली नाही, अशा कुणाला तरी विचारू."

"परक्याला आमच्या मनोऱ्यातले काय कळणार?"

"परका आहे म्हणूनच कळेल, महाराज."

हिवाळ्यात नदीवर परदेशी क्रौंच पक्षी उतरला. राजाने त्यालाच मनोऱ्याबद्दल विचारले. तो म्हणाला, "राजा, तीन कामे कर. आधी वरून दोरीला वजन बांधून ओळंबा सोड; भिंत सरळ असेल तर तो तिच्या पायथ्याशी टेकेल."

ओळंबा भिंतीपासून दूर, बाजारातल्या कासाराच्या छपरावर टेकला.

"वारा असेल," राजा म्हणाला.

"आता टोकावर जाऊन ऐक."

वर वाऱ्याशिवाय काही नव्हते.

"अजून थोडी उंची हवी," राजा म्हणाला.

"आता डोळे मीट. मनोरा नाहीच असे समज. घाट शाबूत आहे, तुझ्या हातात पहिली वीट आहे. आज ठेवशील?"

राजाने डोळे मिटले. ओल्या पायऱ्या दिसल्या, आईचा भिजलेला पदर दिसला. त्याचा हात उचलेना.

"नाही," तो म्हणाला. "पण एवढ्या माणसांचे कष्ट?"

"कष्ट तर गेले, राजा. माणसे अजून आहेत."

राजाने डोळे उघडले. वरपासून खालपर्यंत गेलेली भेग त्याला दिसली. राजाने पहिली वीटच नाकारली, तसे मांत्रिकाचे बोल फिटले आणि त्याच क्षणी ती साऱ्या राज्याला दिसली. दिवस मावळायच्या आत बाजार रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने मनोऱ्याची सर्वांत वरची वीट स्वतःच्या हाताने उतरवली आणि नेऊन घाटाच्या पायरीला लावली. तेव्हा घागर भरायला आलेली एक म्हातारी त्याच्या आईचेच गाणे गुणगुणत होती.