वाट चुकू द्यावी

"मग तिला आठवत का नाही, माई?"

नीळकंठ मास्तरांच्या आवाजात तक्रार होती. नदीकाठच्या त्या छोट्या मठात अंबिकामाई कापूस पिंजत बसल्या होत्या. मास्तरांची बायको द्वारका बाहेर ओट्यावर बसली होती, पाठ भिंतीला टेकून.

"काय काय करता तिच्यासाठी?" माईंनी विचारलं.

मास्तर ताठ झाले. जन्मभर शाळा चालवली होती त्यांनी. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पाढा विसरत नाही, असं सगळा तालुका म्हणायचा.

"सकाळी उठल्याबरोबर तिथी आणि वार विचारतो. मग नातवंडांची नावं. मग महिने उलटे म्हणून घेतो, फाल्गुनापासून चैत्रापर्यंत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बुद्धीला व्यायाम हवा ना?"

"हवाच. मग?"

"आधी चुकायची..." मास्तर अडखळले. "आता बोलतच नाही."

माईंनी कापूस बाजूला ठेवला.

"मास्तर, उभे राहा."

मास्तर गोंधळले, पण उठले.

"तुमची मुलगी कुठल्या वारी जन्मली?"

"वत्सला? बुधवारी."

"नक्की?"

"हो... बुधवारीच."

"पुन्हा सांगा. नीट आठवून."

मठात आलेली चार माणसं मान वळवून पाहू लागली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला.

"बुध... नाही, थांबा. गुरुवार असेल... त्या दिवशी बाजार होता..."

"पोटच्या पोरीचा वार आठवत नाही?"

मास्तरांचे ओठ हलले.

"बसा," माई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "बुधवारच असेल. मला काय ठाऊक?"

मास्तर खाली बसले.

"मी हे रोज करतो तिला..." मास्तर पुटपुटले.

"आज घरी जाताना तिला पुढं चालू द्या. तुम्ही मागं राहा. वाट सांगायची नाही. खोकायचंसुद्धा नाही."

"हरवेल हो ती!"

"हरवू दे. तुम्ही आहात की मागं."

मास्तरांना ते पटलं नव्हतं. तरी ते मागं राहिले.

द्वारका पुढं निघाली. मधूनमधून थांबून मागं पाही. मास्तर आभाळाकडं बघत. कालव्याशी वाट फुटत होती. गाव उजवीकडं होतं. द्वारका क्षणभर उभी राहिली आणि डावीकडं वळली.

मास्तरांनी दात आवळले. ती वीटभट्टीची वाट होती. तिकडं चिटपाखरू नसे. जीभ नुसती वळवळत होती, पण ते चालत राहिले.

द्वारकेची पावलं मंदावली. मग थांबली. तिनं शेताकडं पाहिलं, मग पायाखाली.

"अहो..."

मास्तर गप्प.

"येताना पाणी आपल्या शेजारून वाहत होतं. इथं पाणीच नाही." ती स्वतःशीच बोलत होती. "आणि ऊस होता. ही तर ज्वारी..."

ती वळली. मास्तरांच्या शेजारून गेली, कालव्यापाशी आली, तिथं घोटाळली आणि गावाची वाट धरली. या खेपेला तिनं मागं पाहिलं नाही.

घराच्या पायरीवर ती टेकली तेव्हा दमली होती. मास्तरांच्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "तुम्ही का रडताय? दमलात का?"

कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वार विचारला नाही. चुलीपुढं बसले आणि म्हणाले, "पिठलं कसं करतात? मला खरंच येत नाही."

"हळद आधी नाही हो! मोहरी तडतडू द्या." द्वारकेनं त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. मीठ घालायचं ती विसरली. दोघांनी वरून घेऊन खाल्लं.

बाजारातून काय आणायचं ते मनात धरून जायचं, ही मग दोघांची सवय झाली. एखादी भाजी हटकून राहायची. कधी तिची, कधी त्यांची. रोज नव्या गल्लीनं परतायचं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की दोघं दिवस उलटा सांगत बसत, आत्तापासून सकाळपर्यंत.

"दुपारी कोण आलं होतं?" एकदा द्वारकेनं विचारलं.

"कुणीच नाही."

"कल्हईवाला आला होता. तुम्ही घोरत होता."

ती हसली. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले होते, आणि त्यांना त्याचं फार बरं वाटलं.

उन्हाळा सरता सरता दोघं पुन्हा मठात आली. द्वारका पुढं, मास्तर मागं. आल्या आल्या ती बायकांबरोबर विहिरीकडं गेली. तिचा आवाज आतपर्यंत येत होता. पिठल्याला बेसन किती ढिलं भिजवायचं, ते ती कुणाला तरी ठासून सांगत होती.

मास्तर माईंपुढं बसले.

"माई, वाट तिला सापडते. बाजार सापडतो. रागावतेसुद्धा आता माझ्यावर." ते हसले, मग थांबले. "पण परवा वत्सलाचं नाव विसरली. सकाळभर. मी विचारलं नाही, तिनंच दुपारी सांगितलं."

माई ऐकत होत्या.

"हे सगळं करूनही... उद्या एखाद्या दिवशी तिला माझंच नाव आठवलं नाही तर?"

बाहेर रहाट करकरला. घागर भरल्याचा आवाज आला.

माईंनी मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग तुम्ही सांगा, मास्तर. पहिल्यांदा भेटलात तेव्हा तरी तिला कुठं ठाऊक होतं?"